पुठ्ठ्याची मागची बाजू

“हसले की रे सगळे. आधी मीपण हसले. सगळा हॉल हसतोय म्हटल्यावर आपणच काय तोंड पाडून बसायचं? मग शेजारची बाई म्हणाली, ‘कोण असेल हो ती अडाणी?’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, अगं बाई, ती मीच!”

मावशीचं ऐकून लंबूने चहाचा कप खाली ठेवला. “फणसाचं सांगितलं मास्तराने?”

“फणसाचंच.”

“सगळ्यांसमोर?”

“माइकवरून. मागच्या खुर्च्यांना ऐकू आलं नाही म्हणून परत एकदा.”

लंबू पाण्याचा टँकर चालवतो. उंची एवढी की मावशीच्या दुकानात शिरताना कमरेत वाकतो आणि बाहेर पडेपर्यंत वाकलेलाच राहतो. उपड्या डब्यावर गुडघे हनुवटीशी आणून तो बसला होता. राहवेना म्हणून त्याने विचारलंच, “आणि माझा पत्त्यांतला गुलाम? तो तरी आला का पुस्तकात?”

“आला ना. नवव्या पानावर. गुलाम आहे, तू नाहीस.”

सकाळचे साडेआठ वाजले होते. बोलताना मावशीचे हात काही थांबले नव्हते. एका जॅकचं पोट उघडून ती आतलं काळं तेल बशीत काढत होती, आणि ते तेल बोटांत चोळून त्यात लोखंडाचा कीस येतोय का ते बघत होती.

मावशी जॅक दुरुस्त करते. चाक बदलताना गाडीखाली लावतात तो जॅक. बाकी काही करत नाही. पंक्चर काढायला कोणी आलं तर समोर बोट दाखवते, ब्रेकचं विचारलं तर आणखी पुढे बोट दाखवते. दोन इमारतींच्या मध्ये बोळ होता, त्यावर पत्रा टाकला आणि दुकान झालं. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडची भिंत लागते. आत बाटलीच्या आकाराचे जॅक, स्क्रूचे जॅक, चाकांवर पळणारे जॅक, सगळे काळे आणि तेलकट, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

हा धंदा नवऱ्याचा. तो गेला त्या दिवशी दुकानात एकोणीस जॅक खोलून पडले होते. आठ-दहा दिवसांनी माणसं यायला लागली. आधी हात जोडायची, वाईट झालं म्हणायची आणि मग हळूच आपलं लोखंड मागायची. मावशीने एकोणीसच्या एकोणीस स्वतः जोडले. त्यातले चार गळले. चार जणांच्या शिव्या खाल्ल्या आणि धंदा शिकली. आता जॅक नुसता हातात धरून हलवला तरी सांगते, आतला छर्रा नीट बसत नाही का सील फाटलंय. तिच्याशी पैज लावायला ड्रायव्हर येत. हल्ली येत नाहीत.

शब्दाचं खूळ लागलं ते लंबूमुळे. दुकानाबाहेर गाड्या रिकाम्या होईपर्यंत ड्रायव्हरांचा पत्त्यांचा डाव पडायचा. एकदा लंबूने गुलाम वर धरला आणि म्हणाला, “मावशी, हा बघ तुझा देव. याला इंग्रजीत जॅकच म्हणतात.”

“का?”

“का म्हणजे? म्हणतात.”

“अरे पण टोपीवाला पोरगा कुठे आणि हे लोखंड कुठे! दोघांना एकच नाव कसं पडलं?”

“पडलं असेल आपसूक.”

“नावं काय झाडाला लागतात?”

लंबू पत्ते पिसायला लागला. मावशीचं मात्र जेवणात लक्ष लागेना. दिवसाला साठ वेळा तो शब्द तोंडात घ्यायचा, त्याच्यावर पोट चालवायचं, आणि तो कुठला कोण ते ठाऊक नाही, हे तिला बरं वाटेना. त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की तीन प्रश्न ठरलेले. किती टनी? बसतो का उचलतच नाही? आणि हा शब्द तुम्ही दुसरीकडे कुठे ऐकलाय?

माणसं हसली, आणि हसत हसत सांगायला लागली. टेलिफोन एक्स्चेंजात आयुष्य काढलेल्या बाईने सांगितलं, आमच्या बोर्डावर खिट्टी खुपसायची भोकं असायची, त्यांना जॅक म्हणायचो. ती पुढे टेलिफोनवाली म्हणून दुकानात रोजची झाली. एका खलाशाने सांगितलं, जहाजाच्या नाकावर छोटं निशाण फडकतं, तो जॅक. लॉटरीची तिकिटं विकणाऱ्याने जॅकपॉटची गोष्ट सांगितली, की पत्त्यांच्या एका डावात दोन गुलाम हातात आल्याशिवाय बोली उघडता येत नसे, तोवर मधलं भांडं भरत राही. शिंप्याने जाकीट आणलं. अत्तरवाल्याने तर कमाल केली. तो म्हणाला, “इंग्रजीतला जॅकल, म्हणजे कोल्हा, तुमच्या जॅकचा कोणी नाही. आमच्या फारसीतल्या शगालचा तो मुलगा आणि तुमच्या शृगालाचा जवळचा नातलग.” मावशी दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, कोल्हा आपल्या घरातला निघाला म्हणून. आणि बदलीसाठी, नोकरीसाठी कोणाची तरी ओळख काढतात त्याला आपल्यातच जॅक लावणं म्हणतात, ते सांगायला कोणी बाहेरून यावं लागलं नाही. उलट लोकच यायचे. “मावशी, पोराच्या नोकरीसाठी एक जॅक द्या की.” मावशी मान वर न करता विचारायची, “पोरगा किती टनी आहे?”

जॅकची रबरी सील येतात ती पुठ्ठ्याच्या पाकिटातून. मावशी ती पाकिटं उकलून कापायची. पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला अर्थ लिहायची आणि मागच्या बाजूला सांगणारा. ही तिची दुकानातलीच सवय. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक जॅकला चिठ्ठी बांधलेली असते, पुढे काय बिघडलंय ते, मागे कोणाचा ते. चिठ्ठीची मागची बाजू कोरी राहिली तर एकाचं लोखंड दुसऱ्याच्या गाडीत जातं आणि मग दोघंही दारात उभे राहतात. पुठ्ठे ती ग्रीसच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. घरी सूनबाई त्याला ‘आईंचा कचरा’ म्हणायची. लेक मालाच्या गाडीवर, महिन्यातले आठ दिवस घरी. त्याला कचरा काय आणि शब्द काय, झोप मिळाली म्हणजे झालं.

मास्तर आला तो जॅक घेऊनच. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, जुनी गाडी, त्याहून जुना जॅक. मावशीने तीन प्रश्न विचारले. तिसऱ्यावर मास्तर डब्यावर बसला तो चौदा वर्षं उठला नाही. दर गुरुवारी दुपारी यायचा. नवऱ्याला ओळखत होता म्हणून मावशीला वहिनी म्हणायचा. ती पुठ्ठे काढायची, तो जाडजूड कोश उघडायचा, आणि दोघं कोर्टात बसल्यासारखे एकेक साक्ष तपासायचे. खोटं कशाला सांगा, मास्तराने तिला पुष्कळ दिलं. जॅक हे आधी माणसाचं नाव, हे त्यानेच सांगितलं. जॉन नावाच्या पोराला घरात जॅक म्हणायचे. ती पोरं इतकी झाली, की आपण अनोळखी पोराला ‘ए बाळ्या’ म्हणतो तसं ते कोणालाही जॅक म्हणायला लागले. मग घरच्या हरकाम्याला म्हणायला लागले. तो मालकाचे बूट ओढून काढायचा, चुलीवरचं मांस फिरवायचा, जड उचलायचा. पुढे त्या एकेका कामाला अवजार निघालं आणि अवजाराला त्या पोराचं नाव पडलं.

मावशी हातातलं सील तेलात बुडवत होती. मग म्हणाली, “आणि तो पोरगा कुठे गेला?”

“कोशात ते नाही हो, वहिनी.”

अशाच एका गुरुवारी तिने मास्तराला फणसाचं सांगितलं. अगदी पहिल्या वर्षी, शब्दाचा नाद नवा होता तेव्हा, फणसाला जॅकफ्रूट म्हणतात हे तिच्या कानावर आलं. ती म्हणाली, यात विचारायचं काय? एवढं मोठं धूड एकट्याला उचलत नाही, जॅक लावावा लागतो, म्हणून जॅकफ्रूट. चार महिने ती हे छातीठोकपणे सांगत होती. नंतर दक्षिणेतल्या किनाऱ्याकडचा एक फळवाला भेटला. त्याच्या भाषेत फणस म्हणजे चक्का. पोर्तुगीजांनी त्याचा जाका केला आणि इंग्रजांनी जॅक. म्हणजे त्या पोराचा आणि फणसाचा काही संबंध नाही. मावशीने जुना पुठ्ठा फाडला नाही. त्याच्या मागे लिहिलं, ‘मी. चूक.’ हे सांगून ती आणि मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. असली चूक जॅकवालीच करू जाणे, असं मास्तर म्हणाला होता, आणि त्याचं ते म्हणणं तिला फार आवडलं होतं.

गेल्या वर्षी मास्तर म्हणाला, “वहिनी, याचं पुस्तक होईल. आपलं पुस्तक.” मावशीने डबा दिला. एकशे त्रेसष्ट पुठ्ठे होते. डब्याचं झाकण तिनेच रॉकेलने पुसून दिलं, मास्तराच्या घरी डाग नकोत म्हणून.

मग तिने गावभर केलं. टेलिफोनवालीला सांगितलं, तुमचं नाव येणार. शिंप्याला सांगितलं, अत्तरवाल्याला सांगितलं. खलाशाचा पत्ता नव्हता तर त्याच्या मेहुण्याला गाठून सांगितलं. मास्तराने कधी नावाचं कबूल केलं होतं का? नव्हतं. पण मागच्या बाजूला लिहिलेलं होतं ना. लिहिलेलं कोण वाचणार नाही?

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, काल संध्याकाळी पाचला. मावशीने दुपारीच दुकान बंद केलं आणि नखांतलं काळं काढायला अर्धा तास घालवला. सूनबाई ठेवणीतले कपडे घालून बरोबर आली. दुसऱ्या रांगेत टेलिफोनवाली, तिच्यापलीकडे शिंपी आणि अत्तरवाला, आणि या दोघींना चौथ्या रांगेत जागा मिळाली. मास्तर नव्या कोटात उभा राहिला आणि बोलायला लागला. चांगलंच बोलला. गुलाम आला, निशाण आलं, टेलिफोनचं भोक आलं. कोल्ह्याला तर टाळ्या पडल्या. प्रत्येक वेळी मास्तर म्हणायचा, “माझ्या असं लक्षात आलं.” “मी शोध घेतला तेव्हा दिसलं.” मावशी प्रत्येक वेळी वाट बघायची, की आता मागची बाजू सांगेल. तो पुढच्या अर्थावर जायचा.

शेवटी तो हसला आणि म्हणाला, “आता एक गंमत. आमच्या भागात एक अडाणी बाई आहे, जॅक दुरुस्त करते.” आणि फणस सांगितला. हातवारे करून सांगितला, गाडी उचलावी तसा फणस उचलून दाखवला.

हॉल खदखदला. सूनबाई हसली, अगदी मान मागे टाकून. मग तिच्या लक्षात आलं. तिने हसू गिळलं आणि सासूकडे न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हे मात्र मावशीने सकाळी लंबूला सांगितलं नाही.

खाली चहा होता. टेलिफोनवाली जिन्यात थांबली होती. म्हणाली, “एवढंच सांग. माझं त्याने तुझ्याकडून उचललं, का तू त्याला स्वतःचं म्हणून दिलंस?”

“अहो, मागे नाव लिहिलं होतं तुमचं.”

“मग पुस्तकात का नाही?”

टेलिफोनवाली चहा न घेता गेली. शिंप्याने नमस्कार केला, पण लांबून. अत्तरवाला आधीच निघून गेला होता.

सूनबाईने टेबलावरून एक प्रत विकत घेतली. घरी दोघींनी पान पान बघितलं. शेवटी आभार होते. छापखान्याचे, ग्रंथपालांचे, मास्तरांच्या पत्नीचे, आणि संगणक बंद पडला तेव्हा धावून आलेल्या जावयाचे. सूनबाई म्हणाली, “आई, उद्या जाऊन त्याची कॉलर धरा.” मावशी म्हणाली, “कॉलरीला काय करायचंय? डबा परत आला म्हणजे झालं. नावं माझ्याकडे आली की मी ज्याची त्याला दाखवीन, की बघा, मी लिहिली होती.”

म्हणून आज सकाळी तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. लंबू टँकर घेऊन गेला आणि पाच-दहा मिनिटांत मास्तर आला. हातात कागदात गुंडाळलेली प्रत. तोंडावर कालच्या टाळ्या अजून होत्या.

“वहिनी, काल भेटलाच नाहीत! ही घ्या, सही करून आणलीय.”

“ठेवा तिथे. तेल लागेल.”

“कसं झालं भाषण?”

“ऐकू आलं.”

मास्तर डब्यावर बसला. गुरुवार नव्हता, तरी बसला. “फणसाचं तुम्ही मनावर नाही ना घेतलं? नाव घेतलं नाही मी तुमचं.”

“तेच तर. चुकीला तरी नाव घ्यायचं होतं. तेवढं एक माझं स्वतःचं होतं.”

मास्तर हसला, कारण त्याला तो विनोद वाटला. मग मावशी हसत नाही हे बघून थांबला. “अहो, लोकांना जरा हलकंफुलकं लागतं. भाषणाची रीत असते.”

“मास्तर, माझा डबा?”

“डबा आहे की. घरी हिने त्यात खिळे ठेवलेत. आणून देतो.”

“आणि पुठ्ठे?”

“ते टाइप करून घेतले ना सगळे. आता त्यांचं काय? ग्रीसचा वास मारायचे, ही कटकट करायची. दिले रद्दीत. दिवाणखाना रंगवला तेव्हाच.”

मावशीने पान्हा खाली ठेवला. हातातलं काम तिने त्या सकाळी पहिल्यांदाच थांबवलं.

“मागची बाजू टाइप केली?”

“मागे काय होतं? कोणी सांगितलं, किती टनी, असलं काहीतरी. त्याला संदर्भ म्हणत नाहीत, वहिनी. संदर्भ म्हणजे ग्रंथ, लेखक, सन. शिंप्याने सांगितलं असं कुठे छापतात का?”

“शिंप्याने सांगितलं, तर शिंप्याने सांगितलं असंच छापायचं.”

“तुम्हाला नाही कळायचं ते.”

चौदा वर्षांत मास्तर हे वाक्य कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं. त्याने कोटाची बाही झटकली, तिला काही लागलेलं नव्हतं तरी. “बरं, दुसरी आवृत्ती निघणार आहे. आभारात तुमचं नाव घालू, ठळक अक्षरात. आणि त्यानंतर जमलेले पुठ्ठे असतील ना? चाळीसेक असतील. तेवढे दिलेत तर भर पडेल.”

“सदतीस आहेत.”

“द्या मग.”

“माझं एकटीचं नाव घालणार?”

“हो! दुसऱ्या कोणाचं घालायचं?”

“मला चोर करून गेलात तुम्ही, मास्तर,” मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पत्र्यासारखा सपाट होता. “आता आभार मानून चोरांची म्होरकी करताय. टेलिफोनवाली काल माझ्याशी बोलली ते तुम्ही ऐकलं नाही. तिच्या तीस वर्षांच्या नोकरीतला एक शब्द तिने मला दिला, आणि मी म्हटलं, तुमचं नाव लिहिलंय. आता मी तिला काय दाखवू? तुमच्या घरातले खिळे?”

“एवढं काय झालं त्यात! शब्द काय कोणाच्या मालकीचे असतात?”

“नसतात. मग कव्हरावर तुमचं नाव कशाला?”

मास्तर उठला. उठताना डबा सरकला आणि मोठ्याने खरवडला. बोळाच्या तोंडाशी जाऊन तो वळला. “वहिनी, गुरुवारी येतो. तोवर राग शांत होईल.”

“गुरुवारी कामानेच या. जॅक असला तर.”

तो गेल्यावर मावशीने पुस्तकाचा कागद उघडला नाही. फळीवर जुन्या वॉशरच्या खोक्यांमागे ते ठेवून दिलं. मग एक पाकीट उकललं, पुठ्ठा कापला, पेन्सिल घेतली आणि आठवेल तसं उतरवायला बसली. या वेळी आधी नावं. टेलिफोनवाली. शिंपी, घड्याळासमोरचा. अत्तरवाला. खलाशी, ज्याचा मेहुणा बर्फाच्या कारखान्यात. लॉटरीवाला. लंबू. गुलाम, निशाण, भोक, हे पुस्तकात सापडलं असतं. माणसं सापडणार नव्हती. अकरा नावं सरळ आली. बारावं अडलं. बूट काढायच्या लाकडी फळीलाही जॅक म्हणतात, ते मास्तराच्या कोशाच्या आधी कोणीतरी तिला सांगितलं होतं. एक म्हातारा होता. पायाला सूज असलेला. जुन्या बुटांचा धंदा होता त्याचा, का घोडे होते? आवाज आठवत होता, खोकल्यासारखा. तोंड येईना. पाच टनी जॅक होता, निळा, हे आठवत होतं. नाव काही केल्या येईना.

“आहे का कोणी?” बोळाच्या तोंडाशी एक बाई उभी होती. भाजीच्या टेंपोवर असते, चाकं स्वतः बदलते. तिने जॅक ठणकन खाली टाकला. “अर्ध्यात येतो आणि थांबतो मेला. गाडी रस्त्यात उभी आहे माझी, आडवी. मागचे शिव्या देतायत.”

मावशीने पेन्सिल कानावर खोचली. “किती टनी?”

“तीन.”

“बसतो का अडतो?”

“अडतो.”

मावशीने जॅक उचलून हलवला, कान लावला. “तेल कमी आहे आणि हवा धरलीय. अर्धा तास लागेल. त्या डब्यावर बस, पण जपून, एक कड वाकडी झालीय त्याची.”

बाई बसली. इकडेतिकडे बघितलं, पुठ्ठ्यावरची नावं बघितली. “तुम्ही काहीतरी विचारता म्हणे सगळ्यांना. शब्दाचं.”

“तो दोन नंबरचा पान्हा दे इकडे,” मावशी म्हणाली, आणि तेलाचं बूच सोडवायला लागली.